मुंगसाची वाट

मार्वेच्या तरीतून पलीकडे उतरले
तेव्हा ओहोटी लागली होती, आणि मनोरीचा चिखल
माझ्या बुटांत शिरला, परवानगी न घेता.
बरं झालं. आराखड्याची पहिली रेघ
कोरड्या पायांनी ओढू नये.

प्लॉट पावणेदोन एकर.
उंडीची झाडं सात, ताड एकोणीस,
एक भेंड, पाठीत बाक आलेला,
एक वारूळ, नांदतं की ओसाड ते कळेना.
सर्व्हेवाल्याच्या नकाशात हे सगळं
‘किरकोळ अडथळे’ या सदरात.

संघराजका शेट फोनवर म्हणाले,
मॅडम, मला घर नकोच, मला निसर्ग हवाय.
सहा बेडरूमचा.

भांडुपच्या माझ्या चारशे तीस फुटांत
रात्री जेवणाचं टेबल पुसून
त्याच टेबलावर मी घर वाकवत बसायचे.
भेंडासाठी भिंत आत घेतली,
बाकावर कुणी बसायला आलं की आपण सरकतो तेवढीच.
वारा कुठून येतो हे पाहायला
तीन दुपारी प्लॉटवर उदबत्त्या लावल्या;
धूर जिकडे वळला तिथे खिडकी.
(तिसऱ्या दिवशी वॉचमनने विचारलं, इथं कोण गेलं?)
उन्हात कपाळावर हात धरावा
तसं छप्पर खाली ओढलं.
काच हवी होती तिथे लाकडी पट्ट्या,
कारण शिंजीर काचेत आभाळ बघतो
आणि भरवेगात त्या आभाळावर आपटतो.
पोहण्याचा तलाव खोडला,
जुनं बावखल उपसायचं लिहिलं.
शेट म्हणाले, पण बेडूक?
मी म्हटलं, हो.

सातव्या फेरीत तेही कागदावर वाकून बोलू लागले.
एक दिवस स्वतःच म्हणाले,
कुंपणाला खाली भोकं ठेवा हं,
मुंगसांना यायला-जायला.
मला त्यांचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं.

त्याच शनिवारी बावखलाच्या काठी
पेत्रीन मावशी भेटल्या,
डोक्यावर झावळ्यांचा भारा, त्यावर कोयता खोचलेला.
आडव्या ताडाखालून वाकून
अशा आल्या, जशा पन्नास वर्षं येत असाव्यात.
मी चुन्याने आखलेली रेघ
त्यांनी पायाने ओलांडली नाही. थांबल्या.
“भिंत इथूनच ना गो बाय?”
मी म्हटलं, इथूनच. पण दगडी, बुटकी,
शेवाळ धरेल अशी.
“छान दिसंल,” त्या म्हणाल्या,
आणि भारा सावरून लांबच्या बाजूने निघाल्या.

त्या रात्री नकाशा उघडला.
घुबडाला ढोली होती.
धामणीला दगडांची रास होती.
पाण्याला उतार होता, वाऱ्याला दार,
वाळवीलासुद्धा तिचा कोपरा, पायापासून बारा फूट.
सात फेऱ्यांत मी कुणाकुणाला विचारलं होतं,
आणि एवढ्या सगळ्यांत
कोयता खोचलेला एकही प्राणी नव्हता.

शेटांना सांगून पाहिलं.
ते अदबीने म्हणाले, मॅडम, प्रायव्हेट आहे ना.
शब्द त्यांच्या सातबाऱ्यावरचा होता,
माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.
पेन्सिल होती.

तपशील क्रमांक चौदा, पश्चिम कुंपण,
ताडाच्या आडव्या खोडाजवळ:
मुंगसासाठी वाट.
रुंदी अडीच फूट. उंची पावणेसहा,
वर भारा असल्यास सात.
झडप नाही. कडी नाही.

शेटांनी पानापानावर सही केली,
चौदावर पेन जरासं थांबलं.
“मोठी असतात का हो इथली मुंगसं?”

मी म्हटलं, जुनी आहेत.